जिन्याखालचा आवाज

"आणि आता तिसरी सूचना," एवढं म्हणून झालं आणि खारूच्या छातीत काहीतरी सुटलं. सुटलं म्हणजे अगदी तसंच, अडकलेला ड्रॉवर एकदम निसटून हातात यावा तसं. तिनं अंगठ्यानं माइकचं बटण बंद केलं. हे आता तिच्या हाडात मुरलं होतं: बटण बंद, खोकला, बटण चालू. शाळेच्या वरच्या चार मजल्यांवरच्या पोरांना वाटायचं, काय थांबते ही वाक्यावाक्याला, काय रुबाब! पण या वेळी खोकला एकट्यानं आला नाही. रुमालावर जे पडलं ते तिच्या ओळखीचं नव्हतं. ओळखीचं सगळं तिला पाठ होतं, पिवळट, हिरवट, डिंकासारखं तार धरणारं. पंधरा वर्षं हेच बघत आलेली मुलगी ती, कुणी कपाळावरच्या पुटकुळ्या बघतं तशी ती हे बघायची. हे तपकिरी होतं. रबरासारखं घट्ट, लवंगेएवढं, आणि लवंगेसारखेच एका टोकाला फाटे फुटलेलं. कुणीतरी तिच्या आतल्या एखाद्या बारीक नळीचा साचा काढावा आणि तिच्याच तळहातावर आणून ठेवावा तसं, घे बाई, बघ तुझं घर आतून कसं दिसतं ते. तिनं रुमालाची चौघडी केली, बटण चालू केलं आणि म्हणाली, "मैदानाच्या कोपऱ्यात एक बूट सापडला आहे. उजव्या पायाचा. ज्याचा असेल त्यानं लंगडत लंगडत येऊन घेऊन जावा." वरून, छतातून, भिंतीतून, चार मजल्यांचं हसू खाली झिरपलं. हे हसू ऐकण्यासाठी ती रोज सकाळी सूचनांची आठ मिनिटं जगायची आणि उरलेला दिवस ढकलायची. आज हसू ऐकताना तिच्या छातीत मात्र शिट्टी वाजत होती, बारीक, न थांबणारी, शेजारच्या घरात कुणीतरी कुकर विसरून गेल्यासारखी.

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती जन्मली तेव्हा आजोबांनी तिच्या कपाळाचा पापा घेतला आणि ओठ पुसत म्हणाले, "अगं, ही तर खारट आहे!" सगळे हसले. हसली नाही ती फक्त बाळंतिणीला तपासायला आलेली परिचारिका. तिनं ते ऐकलं, बाळाकडे बघितलं, आणि जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. घामात जास्त मीठ, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस. शरीरातल्या पेशींची मिठापाण्याची दारं जन्मापासूनच नीट उघडत नाहीत, म्हणून बाकीच्यांच्या छातीत जे पाण्यासारखं वाहतं ते हिच्या छातीत गोंदासारखं बसतं. आजोबा पुढे आयुष्यभर हळहळले, माझ्या तोंडून गेलं म्हणाले, जणू ते बोलले नसते तर ती गोड निघाली असती! नाव मात्र चिकटलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ वाफेचं यंत्र, तेव्हापासून जेवणाआधी कॅप्सूल, आणि तेव्हापासून आईचा हात. आई तळहाताची वाटी करून तिच्या पाठीवर थापट्या मारायची, उजवीकडे, डावीकडे, पालथी, उताणी, म्हणजे आतला चिकटा हलेल, सुटेल, बाहेर येईल. त्या थापट्यांचा आवाज खारूला पोटातून ऐकू यायचा. लहानपणी तिला वाटायचं सगळ्याच आया मुलांना रोज असं बदडतात, प्रेमानं. सहावीत एका मैत्रिणीकडे राहायला गेली तेव्हा सकाळी तिनं सहज विचारलं, "तुझी आई तुला कधी बडवते?" आणि त्या घरात एकदम शांतता पसरली होती.

तर असं. पंधरा वर्षं ती शेवटच्या बाकावरची खोकणारी मुलगी होती. नाटकात झाड, स्पर्धेत टाळ्या, सहलीत बाईंच्या शेजारची जागा. आणि मग या वर्षी शाळा सुरू झाल्यावर सूचना वाचणाऱ्या दादाला गालफुगी झाली. भूगोलाचे सर वर्गात येऊन म्हणाले, "आठवडाभर कोण वाचेल?" आणि हात वर झाला. त्या हाताकडे सगळ्यात जास्त आश्चर्यानं जर कुणी बघितलं असेल तर ते खुद्द खारूनं. आठवड्याचा महिना झाला. गालफुगीवाला बरा होऊन परत आला, पण तो वाचायचा ते असं की बूट सापडला म्हटलं तरी कुणीतरी वारलं असं वाटावं. पोरंच म्हणाली, तीच राहू दे. कानामागून आली आणि तिखट झाली! पाण्याच्या टाकीपाशी लहान मुलं तिच्याकडे बोट दाखवून कुजबुजायची, "ती बघ, आवाज." तिला वाटायचं आपण खरोखरच उंच झालोय. घरी येऊन ती बोलायची, बोलायची, बोलतच राहायची, भांडी घासताना बोलायची, वाफेच्या यंत्राचं तोंडाला लावलेलं नळकांडं बाजूला करून बोलायची, आणि आई म्हणायची, "हं. बरं. आधी वाफ घे."

माइकचं यंत्र जिन्याखालच्या खोलीत भिंतीतच बसवलेलं होतं, तिथून हलत नव्हतं. खोली कसली, दोन माणसं आणि एक खुर्ची मावली की संपली. नुसतं सिमेंट, एक शब्द बोललं की चार परत यायचे. शब्द आले तर येऊ देत, पण खोकला! बटण बंद करायला अर्धा क्षण उशीर झाला की खोकला भिंतीवर आपटून, चौपट होऊन, वर चौथ्या मजल्यापर्यंत. पहिल्याच आठवड्यात एकदा तसा गेला आणि वरून कुणीतरी भुंकलं. मग खारूनं आणि तिच्या बाकावरच्या चष्मिषनं शक्कल काढली. अडगळीत मुख्याध्यापकांच्या खोलीतला जुना गालिचा गुंडाळून पडला होता, मरून रंगाचा, एका अंगानं ओला. दोघींनी तो कापला, डबाभर गोंद आणला आणि तीन दुपारी खपून तिन्ही भिंतींना चिकटवला. "ओला आहे गं," चष्मिष म्हणाली होती. "वाळेल की," खारू म्हणाली होती. वाळला नाही, कारण मागून पाण्याची नळी गेलेली होती आणि ती पाझरत होती. पण आवाज! आवाज असा मऊ झाला, असा जवळचा झाला, की पहिल्या दिवशी तिला स्वतःलाच तो ऐकून लाज वाटली. खोकला तर गालिचा गिळूनच टाकायचा. त्या खोलीला मग एक वास आला, बंद पेटीचा, ओल्या पुठ्ठ्याचा. दार उघडलं की तो तिच्या अंगावर यायचा आणि तिला वाटायचं, आलो आपण घरी. तीन महिने तिनं तो वास छाती भरभरून घेतला. बोलण्याआधी खोल श्वास घ्यायचा असतो, हे तिला सरांनी शिकवलं होतं ना!

आईला तिनं रुमाल दाखवला. दाखवायचाच होता, तो नियम होता घरचा. आई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या फोनवर बसायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक तिच्या कानात ओरडायचे, नळाला पाणी नाही, आलंय ते गढूळ आहे, झोपा काढता का, आणि ती म्हणायची, "आपली गैरसोय झाली, समजू शकते. तक्रार नोंदवून घेतली आहे." वीस वर्षं हेच करून तिचा आवाज असा गुळगुळीत झाला होता की त्यावर काही टिकायचंच नाही. रुमालातली लवंग तिनं उजेडात धरून बघितली, आणि खारूला कळलं की ती घाबरली आहे, कारण ती म्हणाली, "बरं." दोनदा म्हणाली. त्याआधी दोन महिन्यांत प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले होते आणि शिट्टी होती तिथेच होती. खारूला ओरडावंसं वाटलं, बरं काय बरं! काय बरं आहे यात? पण आईवर ओरडणं म्हणजे उशीवर बुक्की मारणं. हात दुखत नाही, उशीला काही होत नाही, आणि आपणच येडे ठरतो.

इस्पितळात फुंकण्याची तपासणी करणारा तंत्रज्ञ कुस्तीच्या आखाड्यातल्यासारखा ओरडायचा. "फुंक, फुंक, फुंक, सोडू नको, अजून आहे, अजून आहे, अजून, अजून!" आणि खारू डोळ्यांपुढे काजवे येईपर्यंत त्या नळीत आपलं होतं नव्हतं ते सगळं ओतायची, आणि पडद्यावरची रेघ थोडी चढून अशी खाली बसायची, जणू तिला कुणी बोलावलंच नव्हतं. सुट्टीत फुफ्फुसांची ताकद एक्याऐंशी टक्के होती. आता त्रेसष्ट. "परत करू का?" तिनं विचारलं. परत केलं. बासष्ट. तिसऱ्यांदा करते म्हणाली तेव्हा तंत्रज्ञच हळू आवाजात म्हणाला, "राहू दे बेटा," आणि त्या हळू आवाजानं तिचं डोकं फिरलं. ओरडणारा माणूस होता तो! आठ वर्षं तिच्यावर ओरडत होता! त्यानंतर रक्त तपासून झालं, हातावर टोचून कुठल्याशा बुरशीची खूण उठते का ते झालं, उठली, डास चावल्यासारखी टपोरी, आणि बुधवारी आई आणि ती फुफ्फुसांच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या.

"रक्तात ॲलर्जीचा एक आकडा असतो," बाई म्हणाल्या. "शंभरच्या आसपास चालला असता. तुझा दोन हजारांच्या वर आहे."

"आयुष्यात पहिल्यांदाच एवढे मार्क," खारू म्हणाली. कुणी हसलं नाही. माइकवर असती तर चार मजले हसले असते.

"ही एक बुरशी असते," बाईंनी कागदावर एक झाड काढलं, उलटं, फांद्या खाली, म्हणजे फुफ्फुस. "तिचे कण हवेत सगळीकडे असतात. आत्ता या खोलीतही आहेत. मी घेतेय, तुझी आई घेतेय. आमच्या छातीतून ते बाहेर टाकले जातात. तुझ्याकडे चिकटा घट्ट, त्यात ते अडकतात आणि मुक्काम ठोकतात."

"मग मारा त्यांना."

"मारू ना. पण गंमत अशी, की खरा त्रास तिचा नाहीच. ती बिचारी नुसती बसलीय. तिला बघून तुझं शरीर जो काही थयथयाट करतंय, त्यानं नळ्या सुजल्यात. साप साप म्हणून भुई धोपटावी ना, तसं."

गंमत! खारूला त्या शब्दावर थांबावंसं वाटलं, बटण दाबून. म्हणजे पंधरा वर्षं छातीतल्या चिकट्याशी मारामारी केली ती केली, आता धोपटणारी तीच आणि भुईही तीच. साप बसलाय मजेत बघत. "माझं शरीर म्हणजे मीच ना?" तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, "तुझी यात काही चूक नाही." हे वाक्य तिला लहानपणापासून इतक्यांदा मिळालं होतं की ते तिला जागच्या जागी ओळखू यायचं, भेट म्हणून आलेल्या त्याच त्या डब्यासारखं. चूक नाही, चूक नाही. मग आहे कुणाची? एकदा तरी कुणीतरी म्हणा ना, खारू, गाढवे, हे तू केलंस!

बाईंनी टेबलावर एक छापील कागद ओढला आणि पेन उघडलं. "घरात ओल कुठे? भिंतींना, न्हाणीघरात?" "नाही," आई म्हणाली. "ओला पालापाचोळा, खत वगैरे जवळपास?" "नाही." "कुंड्या?" आणि आईचा हात आपोआप तोंडावर गेला. "आहेत," ती म्हणाली. "तिच्या खोलीत. एकोणीस." बाईंचं पेन थांबलं. "एकोणीस?" "हवा शुद्ध राहते म्हणून... मीच... म्हणजे रोज पाणीसुद्धा मीच..." आईच्या गुळगुळीत आवाजाला तडा गेला, आणि बाई खुर्चीतून पुढे वाकून तिला समजावायला लागल्या, असं मनाला लावून घेऊ नका, मातीत असते ही बुरशी, पण तुम्हाला काय माहीत, काढून टाका म्हणजे झालं. कागद तसाच राहिला. खारूला उलटं वाचता यायचं, सूचनांचे कागद समोरच्याच्या हातात असताना वाचून वाचून आलं होतं. कुंड्यांच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं: जुने गालिचे, बंद दमट खोल्या. तिनं ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. आणि मूग गिळून बसली. कारण ती ओळ वाचून दाखवायची म्हणजे आपल्याच हातानं माइक काढून द्यायचा. सर त्याच दिवशी खोलीला कुलूप लावणार, गालिचा निघणार, मग रंग, मग दुरुस्ती, मग वार्षिक परीक्षा, आणि तोवर गालफुगीवाला सगळ्या शाळेला रोज सकाळी सुतक पाळायला लावणार. आणि ती? ती पुन्हा शेवटच्या बाकावर.

औषधं सुरू झाली. सूज उतरवायला स्टेरॉइडच्या गोळ्या, बुरशीसाठी वेगळ्या कॅप्सूल, आणि त्या कॅप्सूल पोटात नीट मुराव्यात म्हणून, हे ऐकून चष्मिषचा विश्वासच बसला नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेला कोला. "तुझं बरं आहे बाई," चष्मिष म्हणाली, "आम्हाला कोला प्यायला की रट्टे मिळतात." गुरुवारपासून खारूला भूक लागायला लागली, अशी भूक की डबा संपल्यावर डब्याकडे बघावं. शुक्रवारी तिला राग यायला लागला, सगळ्याचा. खडूच्या आवाजाचा. मोज्यांच्या शिवणीचा. जेवताना तिनं ताट सरकवलं आणि म्हणाली, "मला नकोय हे रोज रोज," तर आई शांतपणे बाबांना म्हणाली, "गोळ्यांमुळे होतंय ते. डॉक्टर म्हणाल्याच होत्या, चिडचिड होईल." बाबांनी मान डोलावली. घ्या! राग आला तोही आपला नाही, गोळीचा. उद्या हसू आलं तर कॅप्सूलचं म्हणतील. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि रोज सकाळी ती खोलीत जात होती. गुरुवारी गेली, शुक्रवारी गेली. दार उघडलं की वास यायचा आणि आता त्या वासात तिला झाडाच्या उलट्या फांद्या दिसायच्या. श्वास वरवरचाच घेते, ती स्वतःला सांगायची, खोल नाही घेत. पण वरवरच्या श्वासात वाक्य कुठलं पुरं व्हायला! शुक्रवारी "सर्व विद्यार्थ्यांनी" एवढ्यावरच दम संपला आणि तिला बटण बंद करावं लागलं. भिंतीवरच्या गालिच्याच्या खालच्या कडेला बोटभर उंचीची राखाडी लव आली होती. मांजराच्या पिलाच्या अंगावर असते तशी. ती कधीपासून होती कोण जाणे. खारूनं तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

"सांगितलंस घरी?" चष्मिषनं मधल्या सुट्टीत विचारलं. कागदावरच्या त्या ओळीबद्दल खारूनं फक्त तिलाच सांगितलं होतं.

"सांगेन."

"कधी? वर गेल्यावर?"

"औषधं चालू आहेत ना."

"हो, एका हातानं औषध आणि दुसऱ्या हातानं तेच. शहाणीच आहेस. सरांना मीच सांगते."

"सांग. सांगून बघ. परत तोंड नाही बघणार तुझं."

चष्मिषनं चष्मा काढला, स्कर्टला पुसला, परत घातला. "तुझं तोंड फुगलंय तसंही," ती म्हणाली. "बघण्यासारखं राहिलेलं नाही." आणि रडायला लागली. खारूला संताप आला. आजारी ही, खोकणारी ही, आणि रडायचं दुसऱ्यांनी!

शनिवारी सकाळी आईनं कुंड्या उतरवायला घेतल्या. चौथा मजला, आणि लिफ्ट बंद. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, शहरभर, म्हणून त्यांच्याच इमारतीतली लिफ्ट तीन आठवडे बंद होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. शनिवारीही त्यांना कुठल्याशा दवाखान्याच्या लिफ्टवर जावं लागलं. आईनं पदर खोचला आणि एकेक कुंडी पोटाशी धरून जिना उतरायला लागली. मातीजवळ जायचं नाही म्हणून खारूला नाकातोंडाला मास्क लावून दारात उभं केलं होतं. कुंड्या खोलीत होत्या तेव्हा ती त्यांना अडगळच म्हणायची, रात्री पाय लागायचा. पण आता त्या एकेक करून दारातून जाताना तिला दिसायला लागल्या. त्या कुणी बाजारातून हौसेनं आणलेल्या नव्हत्या. प्रत्येक वेळी खारू इस्पितळातून घरी आली की त्या दिवशी आई कुठूनतरी एक रोप आणायची. कचेरीतल्या कुंडीतली फांदी, कुणाच्या कुंपणावरचा वेल, एकदा तर इस्पितळाच्याच आवारातलं, पहारेकऱ्याची नजर चुकवून. एकदा भरती, एक कुंडी. असं का, ते आईनं कधी सांगितलं नाही आणि खारूनं विचारलं नाही. ही पसरट पानांची, हिच्या वेळी फुफ्फुसातून रक्त आलं होतं. ही काटेरी, हिच्या वेळी वाढदिवस गेला. ही सतत मरायला टेकलेली आणि न मरणारी, हिला आई खारूच्या नावानं हाक मारायची. सगळी चालली खाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज जिन्यातून वर यायचा, "अय्या, देऊन टाकताय? फुकट? मग ती मोठी पण ठेवा हो बाजूला!" आणि आईचा गुळगुळीत आवाज, "हो, हो, घ्या ना. अडचणच होत होती."

आठवी गेली, नववी गेली. आईचे केस कपाळाला चिकटले होते. प्रत्येक खेपेला दारात ती थबकून म्हणायची, "आत जा, धूळ उडतेय," आणि पुन्हा आत जाऊन नवी उचलून आणायची. मध्येच एकदा भिंतीला टेकून ती स्वतःशीच म्हणाली, खारूशी नव्हेच, "मीच पाणी घालत होते बघ. रोज. विसरले नाही एक दिवस." आणि अकरावी कुंडी उचलून उतरायला लागली. खाई त्याला खवखवे म्हणतात. खारूच्या घशात ते खवखवणं खोकल्यापेक्षा वाईट होतं, कारण ते खोकून निघत नव्हतं. ती मागोमाग जिना उतरली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आई कुंडी मांडीवर तोलून दम खात होती.

"ठेव ती," खारू म्हणाली.

"तू कशाला आलीस? वर जा."

"ठेव ना इथे. कुंड्यांमुळे नाहीये ते."

"डॉक्टर म्हणाल्यात—"

"डॉक्टरांना तू बोलूच दिलं नाहीस! त्या पुढे जुने गालिचे विचारणार होत्या. बंद खोल्या विचारणार होत्या. तू कुंड्या कुंड्या करून रडायला लागलीस आणि त्या थांबल्या." तिनं मास्क खाली ओढला. "शाळेत आहे ते. माइकच्या खोलीत. भिंतीला गालिचा आहे, ओला, त्याच्यावर बुरशी आलीय, मी बघितलीय. आणि तो मी लावलाय. कुणी सांगितलं नव्हतं. मीच."

"बरं," आई म्हणाली.

"बरं नको म्हणूस!"

"कधी कळलं तुला?"

"बुधवारी. तिथेच."

आईनं कुंडी पायरीवर ठेवली. हळूच ठेवली. "बुधवारी," ती म्हणाली. "आणि नंतर? गुरुवारी, काल, गेलीस तिथे?"

"गेले."

"माहीत असून."

"हो! कारण तिथे कुणी मला बरं वाटतंय का विचारत नाही. तिथे मी बोलते आणि माणसं ऐकतात!"

"आणि मी ऐकत नाही?"

"तू तक्रार नोंदवून घेतेस!"

खाली काकूंची कुंडी सरकवण्याचा खरखराट थांबला. आईचा चेहरा असा झाला की खारूला वाटलं आता ही म्हणेल, गोळ्यांमुळे होतंय तुला. आई म्हणाली, "मूर्ख आहेस का तू?"

तो आवाज खारूनं आजवर ऐकलाच नव्हता. खरखरीत, उंच, कडेला फाटलेला.

"मूर्ख आहेस का, विचारतेय! पंधरा वर्षं मी तुझी छाती बडवतेय, एक दिवस सुट्टी नाही, आणि तू जाऊन त्या उकिरड्यात बसून श्वास घेतेस? मला सकाळपासून अकरा खेपा घालायला लावतेस, दारात उभी राहून बघतेस? मी तीन रात्री झोपले नाही, माझ्या हातानं मी पोरीला... आणि तू मजा बघतेस!"

"मजा नव्हते बघत!"

"मग काय करत होतीस? तोंड होतं ना? शाळाभर चालवतेस ना ते? घरात काय झालं त्याला?"

दुसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं. "काय झालं हो?" कुणीतरी विचारलं. "काही नाही, भांडतोय!" आई खाली न बघताच ओरडली, आणि ते दार लागलं.

"गोळ्यांमुळे चिडलीस का?" खारूच्या तोंडून निघून गेलं.

"मी कुठल्या गोळ्या घेतल्यात?" आई कडाडली. "हा माझा आहे राग! माझा स्वतःचा! सोमवारी ती खोली बंद. मी येते शाळेत, मी सांगते त्या सरांना, बास झालं ते माइक-बिइक."

"तू नाही यायचंस!" खारूचाही आवाज चढला, आणि जिन्याच्या सिमेंटवर आपटून चौपट होऊन परत आला. "खोली बंद करा, करा बंद, मला नाही जायचं तिथे. पण सरांना मी सांगणार. गालिचा मी लावलाय, मीच सांगणार. आणि माइक मी सोडणार नाही. वायर लांब करा म्हणावं, वरच्या मजल्यावर आणा, खिडकीपाशी आणा, ते त्यांचं काम आहे, पण मी ते... मी कुणाला ते..."

आणि दम संपला. वाक्य राहिलं तसंच. तिनं कठडा धरला आणि वाकली, खोकला आला, एकामागून एक, डोळ्यांत पाणी, छातीत शिट्ट्यांचा कालवा. तिला माहीत होतं आता काय होणार. आता पाठीवर हात येणार, आता तो गुळगुळीत आवाज येणार, बरं बरं, शांत हो, नको बोलूस, आणि भांडण तिथेच संपणार, नेहमीसारखं, ती आजारी म्हणून ती जिंकणार किंवा ती आजारी म्हणून तिचं कुणी ऐकणार नाही, दोन्ही एकच.

हात आला नाही. तिनं मान वर केली. आई दोन पायऱ्या खाली कमरेवर हात ठेवून उभी होती, मातीनं बरबटलेले हात, नाकपुड्या फुगलेल्या, स्वतःही धापा टाकत होती. तिचा राग जराही उतरलेला नव्हता. तिचे डोळे खारूच्या छातीवर होते, ती वरखाली होताना बघत होते, आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"बोल," आई म्हणाली. "थांबलेय मी."

खारूनं कठड्याला पाठ टेकली. एक श्वास आला, अर्धा. दुसरा आला. आई थांबली होती. तिसरा जरा खोल गेला, आणि तिनं तोंड उघडलं.